तक्रारीचं बटण

३ जानेवारी
लाभ, दोन, तीन, चार, पाच — मेथीच्या जुड्या मोजल्या, तर मशीन म्हणतं चूक! सृष्टीनंच बनवलेलं. माझी नात, बंगळुरूला बसून शाळेच्या पोरांसाठी फोनवर फुकटची गणितं बनवते. प्रश्न तिच्याच आवाजात. उत्तर आपण बोलायचं — बरोबर तर हिरवं, चूक तर लाल. आता बाजारात पहिल्या जुडीला 'एक' कोण म्हणतं? लाभच म्हणायचं! तक्रारीचं बटण दाबलं नि मशीनला चांगलं खडसावलं.

४ जानेवारी
तिचा फोन! हसून हसून बेजार. "आजी, चूक माझीच. पहिल्याला लाभ म्हणतात, हे मशीनला सांगायचंच राहिलं." मग लय बोलली. दिवाळीला का आली नाय, ते मात्र विचारायचं राहिलं.

९ जानेवारी
तक्रार केली की फोन येतो! फोना, हे तुलाच सांगते. मी बोलते, तू लिही. लिहिता-वाचता मला येत नाय.

११ जानेवारी
बारा नि आठ — मुद्दाम एकोणीस म्हटलं. लाल! तक्रार केली. फोन आला. "आजी, वीसच होतात गं." म्हटलं, तुमच्याकडं होत असतील!
सून म्हणते, "आई, सरळ फोन लावा की तिला." लावते की. "मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." तक्रारीला तेवढी मीटिंग आडवी येत नाय.

१८ जानेवारी
आजच्या तक्रारीला भलत्याच माणसाच्या आवाजात उत्तर. "नमस्कार आजी, मी किशोर, घोटीला शिक्षक आहे. तपासलं, मशीन बरोबर आहे." सृष्टीचा नुसता बोललेला निरोप — "आजी, हे काम सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय. कुणीही गणित घालतं, कुणीही दुरुस्त करतं. माझा भार हलका झाला."
गुणी दिसतो मास्तर. पण त्याला बोलावलं कुणी होतं?
सगळ्यांसाठी उघडं. पोरांचं भलं होईल. माझं मात्र दार लागलं.

२२ जानेवारी
तक्रार नाय केली. जुनीच गणितं लावून बसले. ऐकते, उत्तर देत नाय. उत्तर दिलं की तिचा आवाज पुढं निघून जातो.

३० जानेवारी
नवं गणित. तिचाच आवाज — "सायखेड्याच्या एका घरात आई, बाबा नि मुद्दाम चुकणारी आजी. माणशी दोन भाकरी. उद्या नात येणार. भाकरी किती?"
आठ म्हटलं. हिरवं!
सुनेला सांगितलं, दहा थाप. मशीनला काय कळतं, पोर किती उपाशी येणार ते.