दगड मध्येच उगवतात

चारकोप, कांदिवली
ऑक्टोबर १९८७

प्रिय बाळा,

आणि तिसरा जीवही गेला. दगड पडद्याच्या मधोमध उगवला, माझ्या यानावर आदळला आणि खेळ संपल्याची पाटी आली. मी मशीनवर मूठ आपटली. हा गेम फसवा आहे, असं मोठ्याने म्हणालो. दगड कडेने यायला हवेत, हे मध्येच उगवतात. दशरथ माझ्या मागे नंबर लावून उभा होता. तो म्हणाला, मग मशीनवर केस कर, मी साक्षीला येतो. सगळे हसले. चंद्रप्रकाश हसला नाही. त्याने मला जिना उतरून खाली फूटपाथवर नेलं. माझ्या नाकाकडे बघ म्हणाला, दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवतोय का ते विचारलं. मला त्याचं नाक दिसत होतं, शर्टाचा खिसा दिसत होता, खिशातलं पेन दिसत होतं. हात दिसत नव्हते. काळोख नव्हता रे. काही कमी आहे असंही वाटत नव्हतं. हात नव्हते, एवढंच. तो म्हणाला, "तुला कडा दिसत नाहीत, यार."

ही श्रावणातली गोष्ट. त्यानंतर मी इस्पितळात जाऊन आलो. माझे डोळे जात आहेत, बाळा. कडेकडून आत आत जातात. शेवटी मधलंही जातं. औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. आईला अर्धंच सांगितलं आहे. तू चिपळूणच्या खोलीवर एकटा असशील तेव्हा हे वाच, आणि शेवटपर्यंत वाच. तुझे सोबती पत्र ओढून घेऊन मोठ्याने वाचतात, म्हणून सांगतो.

बाकी घरचं बरं आहे. आईचा गुडघा तसाच. समोरच्या घरांच्या रांगेत अजून नळ आलेले नाहीत, त्यामुळे त्या बायका आपल्याकडे हंडे घेऊन येतात आणि आईला गप्पांना सोबत होते. लालबागची चाळ सुटल्यापासून तिला माणसं लागतात. मामांचं पत्र आलं आहे. तुझ्या लग्नाला तुळशीच्या लग्नानंतरची तारीख मागतात. त्यांची सुलक्षणा शिवणाचा क्लास पुरा करते आहे म्हणे. आई रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पाहुण्यांची नावं मोजते.

तू बाबांच्या वर्षश्राद्धाला आलास तेव्हा आपण बोरिवलीच्या त्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये गेलो होतो. कॅसेटच्या दुकानावरचा माळा. आत सहा मशीनं आणि एकच पंखा. मी तिथे का जातो, असं तू विचारलं होतंस. ते आता सांगतो. दिवसभर मी इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळतो. मोजत राहायचं, दुसरं काही नाही. पार्लरमध्ये लोक वाद घालतात. कशावर, तर या खेळांवर. पण मन लावून घालतात. दशरथला ओळीने खाली येणाऱ्या किड्यांचा गेम आवडतो. त्यात एकेक किडा मारत गेलं की उरलेले जोरात धावतात, आणि शेवटचा एकटा तर सुसाट सुटतो. दशरथ म्हणतो, तो रागाने धावतो, त्याची सगळी माणसं मेली आहेत. चंद्रप्रकाश कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर आहे. तो म्हणतो, राग कसला डोंबलाचा, मशीनला पन्नास चित्रं काढायची असली की वेळ लागतो, एकच उरलं की कमी लागतो. त्या किड्याला धावायचं नसतं. त्याच्यावरचं ओझं कमी झालेलं असतं. दशरथला हे पटत नाही. गिरणीच्या संपात त्याच्या खात्यातली माणसं एकेक करून गावी गेली. शेवटी तो एकटा राहिला आणि मिळेल त्या कामामागे धावला. ओझं काही कमी झालं नव्हतं, असं त्याने चंद्रप्रकाशला ऐकवलं. चंद्रप्रकाशने खिशातलं नाणं काढून दशरथच्या मशीनमध्ये टाकलं. अशा वेळी तो वाद वाढवत नाही, म्हणून मला आवडतो.

भुतांच्या गेमवरही असंच भांडण. दशरथ म्हणतो, चक्रव्यूहातली भुतं वाटेल तशी फिरतात, नशिबाचा खेळ आहे. चंद्रप्रकाश म्हणतो, प्रत्येक भुताचा नियम ठरलेला आहे. एक मागून येतं, एक पुढे जाऊन वाट अडवतं, एक जवळ आलं की स्वतःच पळतं. आपल्याला नियम कळत नाही म्हणून आपण त्याला नशीब म्हणतो. मला हे आधी छान वाटायचं. आता नियम कळला आहे आणि मला तो नको आहे.

माझा गेम दगडांचा. काळा पडदा, मधे आपलं यान, चारी बाजूंनी दगड. त्यात एक गंमत आहे. उजवीकडून बाहेर गेलेला दगड डावीकडून आत येतो, वरून गेलेला खालून येतो. चंद्रप्रकाश म्हणतो, ही सपाट जागा नाहीच, हा मेदूवडा आहे आणि आपण त्यावरची मुंगी. कुठेही सरळ चालत राहिलो तरी निघालो तिथेच येणार. खरं विश्वही असंच असेल का, यावर मोठे लोक विचार करतात म्हणे. दशरथने त्याला विचारलं, मग विश्वाच्या भोकातून काय दिसतं, सांबार? मी या गेममध्ये चांगला होतो. बोरिवलीत माझं नाव होतं. यानाकडे बघत राहायचं, कडा नजरेने शोधायच्या नाहीत, त्या आपोआप दिसतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. गेल्या वर्षापासून मी हरायला लागलो. बोटं जड झाली असतील असं वाटलं. मग वाटलं, पार्लरच्या शेठने मशीन बदललं. मग वाटलं, गेमच फसवा आहे.

चंद्रप्रकाशने मला डोळ्यांचं विज्ञान समजावलं. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. मधल्या रंग बघतात, बारीक अक्षर वाचतात. कडेच्या पेशींना रंग कळत नाही, पण अंधुक उजेड त्यांनाच कळतो, हलणारं त्यांनाच आधी दिसतं. म्हणून अंधुक तारा बघायचा तर थेट त्याच्याकडे बघू नये, जरा बाजूला बघावं, मग तो दिसतो. माझ्या कडेच्या पेशी मरत आहेत. पहिल्यांदा रात्र जाते, मग कडा. माझी रात्र कधी गेली, आठवतं का? गावी मी सातवीत असताना पाणंदीतून घरी येताना तुझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचो. आईने त्याला रातांधळेपणा म्हटलं. मला कलेजी खाऊ घातली, पपई, गाजर, शेवग्याचा पाला. पुढे तुलाही तेच खायला लावलं, थोरल्याला झालं ते धाकट्याला नको म्हणून. आपण मुंबईला आलो. इथे रस्त्यावर दिवे होते. आईला वाटलं, पपईने गुण आला.

इस्पितळात एक यंत्र आहे. पांढरा अर्धा गोल, मोठ्या टोपासारखा. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. कडेने उजेडाचा कण सरकत आत येतो. दिसला की बटण दाबायचं. मी बसलो आणि मला हसू आलं, कारण हा आपलाच गेम होता. मी वाट बघत राहिलो. कण आलाच नाही. मग तो एकदम मधे उगवला आणि मी बटण दाबलं. पलीकडे बसलेली बाई कागदावर खुणा करत होती. तिने खुणा जोडल्या तेव्हा एवढंसं वर्तुळ झालं. डॉक्टरांनी ते बघितलं आणि मान वर न करता विचारलं, "आईवडील नात्यातले होते का?" मी सांगितलं, हो, बाबांनी स्वतःच्या मामाचीच मुलगी केली. आपल्याकडे पहिला मान तिचाच असतो. ते म्हणाले, बरं. त्या बरं म्हणण्यात काही होतं. भावंडं आहेत का, हे त्यांनी पुढे विचारलं.

मी चंद्रप्रकाशला त्याचा अर्थ विचारला. तो सांगायला तयार नव्हता. हा आपला विषय नाही म्हणाला. मग खाडीच्या बाजूला बसून सांगितलं. शरीरातली प्रत्येक सूचना दोन प्रतींत असते, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालतं. दोन्ही बिघडल्या की थांबतं. एकाच घरातले दोघे लग्न करतात तेव्हा तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येऊ शकते. आईबाबांना काही झालं नाही, कारण दोघांजवळ एकेक चांगली होती. मी घरी आलो. आई मेथी निवडत होती. मी तिला एवढंच सांगितलं की हे घराण्यातून आलं आहे. तिचा हात थांबला. माझ्या माहेरात कोणी आंधळं नाही, असं म्हणाली. मग पुन्हा मेथी निवडायला लागली. त्या रात्री तिने पाहुण्यांची नावं मोजली नाहीत. दुसऱ्या रात्री पुन्हा मोजली.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. वर्षश्राद्धाला आलास तेव्हा पार्लरमध्ये तू माझ्या मशीनवर बसला होतास. तुझे तिन्ही जीव पटापट गेले. दशरथने तुला कोकणचा राजा म्हणून चिडवलं. तू उठलास आणि म्हणालास, बेकार गेम आहे, दगड कडेने येतच नाहीत, मध्येच उगवतात. सगळे हसले. मी हसलो नाही, मी म्हणालो, बाळा बरोबर बोलतो. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. एवढ्या माणसांत आपल्या दोघांचंच मत एक होतं. मी इतक्या जणांना विचारलं आहे, बाळा, आत्तापर्यंत. एकालाही दगड मध्ये उगवताना दिसलेला नाही. तू इकडे ये आणि त्या यंत्रासमोर बस. तोवर मामांना तारीख देऊ नकोस. सुलक्षणा आपल्या दोन्हीकडून नात्यात आहे. तिच्याजवळ ती प्रत असेल तर तुझ्या मुलांत निम्मी माझ्यासारखी निघतील, असं चंद्रप्रकाश म्हणतो. नसेलही, असंही म्हणतो. मला तुला धीर द्यायचा होता, पण काही सापडत नाही. माझं चुकत असेल तर येऊन माझ्या तोंडावर सांग. माझं चुकावं यापलीकडे मला आता काही नको आहे.

तुझाच,
दादा

सकाळी मामा आले. गावाहून येताना वाटेत चिपळूणला उतरले होते, तुझ्या खोलीवर राहिले. तू तारखेला हो म्हणालास, असं त्यांनी सांगितलं. आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने मामांच्या हातावर साखर ठेवली. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून हे लिहिलं. आता पेटीत टाकतो.