चौदावा खिळा

रेंडालेन, ९ ऑगस्ट १९६४

चि. सौ. ओलीना हिस, अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी मारेन सुखरूप पोचली. कोप्पांग स्टेशनवर उतरली तेव्हा एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात तू दिलेली सुक्या कॉड माशांची जुडी. स्टेशनमास्तरने अजून दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या आहेत असं ऐकतो. पोरगी कामाला मात्र वाघ आहे. तीन दिवसांत निम्मं गवत वाळायला टांगलं आणि वर माझ्या कॉफीला नावं ठेवायलाही वेळ काढला.

काल बाबांची क्राग बंदूक भिंतीवरून काढून तिला तेल दिलं. दस्त्यावरचे पितळी खिळे फडक्याने पुसले. एक मूस हरीण पाडलं की एक खिळा, हा घरचा रिवाज मी मोडलेला नाही. बाबांचे तेरा, माझे अठ्ठावीस. मारेनला एकेकाची हकीकत सांगितली. अडतीस सालचा तो नदीत पोटापर्यंत पाण्यात उभा होता. खांद्यामागे एकच गोळी, आणि मग त्याला ओढायला मी छातीभर बर्फगार पाण्यात, तर गुट्टोर्म काठावर उभा राहून सल्ले देतोय. एकावन्नच्या धुक्यातल्या मादीला तर मी नुसत्या श्वासाच्या आवाजावरून ओळखलं होतं. आणि चौदावा, माझा पहिला, त्याबद्दल तुला सांगायला नको. त्याची शिंगं सभागृहाच्या दारावर आहेत, खाली माझं नाव आहे, आणि खोऱ्यात अजून कोणी त्याच्या तोडीचं आणलेलं नाही.

गुट्टोर्म आता आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या झाल्यापासून त्याच्या अंगात आलं आहे. नवी रायफल घेतली, वर एवढी मोठी दुर्बीण की तिच्यातून पुढच्या वर्षीचा मूस दिसत असेल. मी म्हटलं, डोळे असलेल्याला दुर्बीण कशाला. महिनाअखेर नेमबाजीची चाचणी आहे, मग ऑक्टोबरात आपण आपल्या मोठ्या पाइनखालच्या दबा धरायच्या ठाण्यावर. यंदा बेचाळिसावा खिळा नक्की समज.

लोभ आहेच. कॉड मात्र आता पाठवू नकोस.

तुझा दादा,
एम्ब्रेट

---

आंदेनेस, २१ ऑगस्ट १९६४

ती. एम्ब्रेटदादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं. तुझी बढाई खणखणीत आहे म्हणजे तब्येतही असणार. डोळ्यांचं मात्र तू काही लिहिलं नाहीस. मारेन लिहिते की परवा तू कुंपणाच्या खांबाला टोपी काढून रामराम केलास आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून चिडलास. डॉक्टरला दाखव.

चौदाव्याबद्दल मला सांगायला नको हे अगदी खरं. मला कोण सांगणार? त्या सकाळी पाइनखाली मी बसले होते, पंधरा वर्षांची, तुझा कोट घालून. हातात बंदूक देऊन, एवढ्यात आलोच म्हणून तू गेलास तो दोन तासांनी उगवलास. तोवर मी बार काढलाही होता आणि तो माझ्यापासून चाळीस पावलांवर पडलाही होता. तू ठाणं सोडलंस हे कळलं असतं तर बाबांनी जन्मात तुला बंदुकीला हात लावू दिला नसता. म्हणून आपण ठरवलं, गोळी तुझी. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकोणचाळीस वर्षांत मी ती ह्यांच्यापाशीसुद्धा उघडली नाही.

आज एकच मागते. मारेनला शिकारीचा ध्यास आहे. इथे किनाऱ्यावर आमच्याकडे व्हेल आहेत, पण त्यांच्यावर कोणी पाइनखाली दबा धरून बसत नाही. तुला मूलबाळ नाही. तू थांबशील तेव्हा क्राग आणि ठाणं तिला दे.

ह्यांचा नमस्कार. बोट रंगवताहेत, त्यामुळे जेवणालाही रंगाचा वास आहे. लोभ वाढता ठेव आणि कॉड गुपचूप खा.

तुझी,
ओलीना

---

रेंडालेन, ६ सप्टेंबर १९६४

चि. सौ. ओलीनास, आशीर्वाद.

चाचणी झाली. पाच गोळ्यांपैकी माझ्या दोन पाटीवर रंगवलेल्या मुसाला लागल्या. ऊन डोळ्यांवर होतं. दुसऱ्या खेपेला ऊन नव्हतं तर वारा होता. तिसऱ्या खेपेला यातलं काहीच नव्हतं आणि एकच लागली. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणशील, म्हणून मीच लिहून टाकतो. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बंदूक घेऊन बसणं आता संपलं, ओलीना. हे लिहिताना मनाला लागलं, वाटलं होतं त्याहून जास्त.

तुझ्या लेकीने माझीच क्राग उचलली आणि पाचांपैकी पाच लावल्या. दुर्बीण नाही, काही नाही. गुट्टोर्मने पाटी दोनदा तपासली, जणू भोकं तिने घरून आणली होती.

पण ठाण्याचं अवघड आहे. टोळीची रीत तुला ठाऊक आहे. ज्याने ज्या ठाण्यावरून मूस पाडला, त्या ठाण्यावर त्याच्या पोरांचा हक्क. भाचीला नाही. पोर नसेल तर हंगामाच्या शेवटच्या दिवशी, मांसाची वाटणी झाली की चिठ्ठ्या. बाबांनी पंचावन्न वर्षांपूर्वी धरलेलं ठाणं चिठ्ठीत जाणार आणि बहुतेक गुट्टोर्मच्या जावयाला लागणार, जो मूस दिसला की आधी शिंकतो.

वाट एकच आहे, आणि ती तुला कळली आहे हे मला माहीत आहे. तू तिथून मूस पाडलास असं मी टोळीला सांगितलं, तर मारेनचा हक्क आपोआप लागतो. तेवढं मात्र मागू नकोस. शिंगांखालच्या नावासाठी नाही म्हणतो असं समजू नकोस. माझ्या बेर्थासाठी म्हणतो. ती जाऊन तीन वर्षं झाली तरी तिच्यासाठीच. याहून जास्त लिहवत नाही.

राग धरू नकोस. धरलास तरी पत्र पाठव.

एम्ब्रेट

---

आंदेनेस, १५ सप्टेंबर १९६४

ती. दादास, सा. न.

राग आला आहे, म्हणून चारच ओळी लिहिते.

मी टोळीला एक अक्षर कळवणार नाही. शब्द दिला तो दिला. मारेनलाही सांगणार नाही. पण बाबांची क्राग तुझ्या भिंतीवर शोभेला टांगलेली राहणार, पाचाला पाच लावणारी पोर गवत वाळवत बसणार, आणि पाइनखाली एक शिंकणारा जावई. हे तुला सोसत असेल तर सोस. मला सोसत नाही. यात माझ्या वहिनीचा काय संबंध, तेही मला कळत नाही.

मोतीबिंदू काढून घे. ह्यांच्या मामांनी काढून घेतला तर आता ते बायकोच्या चुका लांबून ओळखतात.

रागासकट तुझीच,
ओलीना

---

रेंडालेन, १२ ऑक्टोबर १९६४

चि. सौ. ओलीनास, अनेक आशीर्वाद.

बसून वाच. सोबत मांसाचं एक पिंप पाठवतो आहे, मीठ लावून. ते कसलं, ते सांगतो.

हंगामात चार मूस पडले. मी कुत्री धरली, मारेनने ओझी वाहिली, आपलं ठाणं रिकामं राहिलं. काल शेवटची वाटणी. स्प्रूस झाडाच्या फांद्यांवर आठ ढीग मांडले. एकाने पाठ करून उभं राहायचं, म्होरक्याने ढिगाकडे बोट करून हा कोणाचा विचारायचं, आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. म्हणजे कोणाला चांगलं-वाईट निवडता येत नाही. डोळे अधू म्हणून यंदा पाठ करून उभं राहायचा मान मला दिला. गुट्टोर्म म्हणाला, एम्ब्रेट, वळून बघितलंस तरी तुला काय दिसणार.

पाच नावं घेतली. समोर झाडी, आणि झाडीवर चढाला ते पाइन. नुसता हिरवा डाग दिसत होता, पण कुठे आहे ते मला डोळे मिटूनही ठाऊक आहे. सहाव्या ढिगाला गुट्टोर्मने विचारलं, हा कोणाचा. मी म्हणालो, ओलीनाचा.

कोणीतरी म्हणालं, डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं. गुट्टोर्मने पुन्हा विचारलं. मी पाठ तशीच ठेवून सांगितलं की माझ्या बहिणीचा, पंचवीस सालचा राहिलेला वाटा. सभागृहावरची शिंगं तिच्या गोळीची आहेत. मी त्या वेळी ठाण्यावर नव्हतो, डोंगरावर बेर्थाच्या उन्हाळी गोठ्यापाशी लग्नाचं विचारायला गेलो होतो. ढीग माझ्याच वाट्याचा होता, दुसऱ्या कोणाचा कमी केला नाही. तोंडावर बोललो असतो तर निम्म्यात थांबलो असतो. पाठ होती म्हणून जमलं.

मग गुट्टोर्म वळसा घालून माझ्या समोर आला, माझं तोंड पाहिलं, आणि म्हणाला की शिंगांखालची पाटी बदलायला सुतार बोलवावा लागेल, आणि चिठ्ठ्यांचा कागद वाया गेला. जावयाने शंका काढली की बाईमाणसाचा मूस धरायचा का. त्यावर गुट्टोर्म म्हणाला की पंचवीस साली मुसाने हरकत घेतली नाही, आता आपण कोण. ठाणं मारेनचं झालं. ती रडली, मग मला म्हणाली की आता तरी कॉफी नीट करायला शीक.

त्यांना सांगितलं नाही ते तुला सांगतो. बेर्थाने त्या सकाळी नाही म्हटलं होतं. म्हणाली, तू नुसत्या तोंडाच्या वाफा दवडतोस, अशाबरोबर जन्म कोण काढणार. तिच्या दारात उभा असतानाच खालून बार ऐकू आला. वाटलं, पलीकडच्या टोळीचा असेल. मान खाली घालून उतरलो तर तू त्या धुडाशेजारी बसलेली. आठ दिवसांनी, सगळं खोरं माझं नाव घेत असताना, मेजवानीत ती आपण होऊन आली आणि हो म्हणाली. तो होकार मला होता की त्या मुसाला, हे पस्तीस वर्षांच्या संसारात विचारायची छाती झाली नाही. खरं कळलं तर फसवलं म्हणेल, ही भीती. ती गेल्यावर वाटलं, आता सांगणं म्हणजे तिच्या पाठीमागे तिची फसवणूक चव्हाट्यावर मांडणं. म्हणून गप्प होतो. गर्वही होता, पण तो निम्माच.

चौदावा खिळा दस्त्यातून उपटून या पाकिटात घातला आहे. तुझा आहे.

तुझा,
एम्ब्रेट

---

आंदेनेस, २४ ऑक्टोबर १९६४

ती. दादास, सा. न. वि. वि.

राग परत घेतला. पिंप रेल्वेने आणि मग बोटीने नीट पोचलं. माझा वाटा मी काल शिजवला. ज्याला माशाचे पर नाहीत ते अन्नच नव्हे असं मानणाऱ्या माझ्या नवऱ्याने दोनदा वाढून घेतलं, मग सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि इतकी वर्षं आपण कोणाबरोबर राहतोय याचा तासभर विचार केला.

ह्यांना सांगितलं नव्हतं, हे खरंच लिहिलं होतं. बेर्थावहिनीला सांगितलं नव्हतं, असं मी लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून बघ.

दादा, तो बार झाला तेव्हा तू कोणाच्या दारात उभा होतास? खोरंभर सगळे सांगत होते की एम्ब्रेटने सकाळी सातला मूस पाडला, आणि सातला तू तिच्या उंबऱ्याशी टोपी चुरगळत होतास. जगात एकाच माणसापाशी ही बढाई खपणार नव्हती, आणि नेमकं तिच्यापासून तू खरं जन्मभर लपवलंस.

ती पाचव्या दिवशी माझ्याकडे गोठ्यात आली. मी बादली उचलताना कळवळले, तिने माझी बाही वर सारून दस्त्याच्या धक्क्याने काळानिळा झालेला खांदा पाहिला, आणि मी सगळं सांगून टाकलं. मग मेजवानीत ती तुझ्याकडे बघत बसली होती. पुढे मला म्हणाली की एवढं कौतुक चाललं होतं आणि हा गडी ताटातून मान वर करेना, एक शब्द बोलेना. ज्याला खोटं इतकं जड जातं, त्याच्याबरोबर जन्म निघेल. तुला सांगू नको म्हणाली, कारण मनात ओझं असलं की तू लाकडं चांगली फोडतोस. पस्तीस वर्षं तिची चूल कधी गार पडली नाही, खरं ना?

खिळा परत पाठवते आहे. मारेनला सांग, होता तिथेच ठोक, आणि रांगेच्या शेवटी बेचाळिसाव्याला जागा ठेव. तिने नेम धरला की तिच्या मागे उभा राहा आणि काही बोलू नकोस. तुला ते जमतं, वहिनीने पाहिलं आहे.

होकार मुसाला नव्हता, दादा. तुलाच होता.

तिचा लोभ होता तसाच माझाही आहे, हे धरून चालावे.

तुझी,
ओलीना