उन्हात बसलेली ताई

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या आग्रहाखातर चित्रकलेच्या वर्गाला जातो आहे. ही जाऊन वर्ष झालं. हिचं एक तैलचित्र माझ्या हातून व्हावं, एवढीच इच्छा आहे. गवत, झाड, ऊन बरं जमलं. त्यात फोटोवरून हिला बसवलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. फोटो खोलीतल्या दिव्यात काढलेला आणि गवत सकाळच्या उन्हातलं. दोनदा रंग खरवडून काढला. तिसऱ्यांदा धीर होत नाही.

हिची पिवळी शाल घेऊन तू उन्हात बसशील का? चेहरा नंतर मी हिचा करीन. नाही म्हणालीस तरी राग नाही. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा

ता. ९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. लहानपणी तू घोडा काढायचास आणि त्याचं डुक्कर व्हायचं. त्यामानाने प्रगती आहे. शनिवारी येते. पण शाल घेणार नाही. तिच्या जागी बसणं मला जमायचं नाही, आणि माझ्या धडावर तिचं तोंड तर मुळीच नको. बसेन ती मी म्हणून. नाक आहे तेवढंच काढ. वेळेवर जेवतोस ना? आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत.

तुझी ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस ना? चित्र वाळत ठेवलं आहे. उन्हात बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली गवताचा हिरवा रंग उतरतो, असं बाई सांगत, तेव्हा मला थट्टा वाटायची. दुसऱ्या दिवशी तुझ्या हनुवटीखाली तो दिसला. पांढऱ्या बाहीच्या सावलीत निळाही दिसला. मग पेन्सिलीची कड सोडून दिली आणि दिसेल ते रंगवलं. आता तू खरोखर गवतावर बसली आहेस. बाईंनी नुसती मान डोलावली. हिचा फोटो परत भिंतीवर लावला. तिथेच बरा आहे.

एक राहिलं. बसलीस त्या तिन्ही सकाळी तू डावा हात मांडीवरून उचलला नाहीस. मुंग्या आल्यात म्हणालीस. पण रंगवताना मनगट सुजलेलं दिसत होतं. गाडीत बसवताना परत विचारलं, तेव्हा कुठे सांगितलंस, की महिन्यापूर्वी जिन्यात पडलीस; मी आधीच दुःखात, म्हणून कळवलं नाहीस. मी काही बोलायच्या आत गाडी सुटली.

ताई, वर्षभरात मी तुझ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. बुधवारी सकाळी येतो आहे. हाडांच्या डॉक्टरांकडे दहाला जायचं. रागावायचं असेल तर त्यांच्या बाकावर बसून सावकाश रागाव.

तुझा धाकटा