पान एकशे बारा

क्योतो,
२० नोव्हेंबर १९९८

प्रिय कुसाबा,

थंडी पडली. पर्सिमनची फळं सोलून पडवीत वाळायला टांगली आहेत. गुडघे कुरकुरतात, बाकी बरी आहे. तू ठणठणीत असणार, टीव्हीवर दिसतोस. सगळे तुला गुरुजी म्हणतात. मी मात्र तूच म्हणणार. सेटवर तू मला ताई म्हणायचास आणि माझ्या डब्यातलं लोणचं पळवायचास.

तुझं पत्र आणि मिठाई पोचली. मिठाई शेजारी देऊन टाकली. पुस्तकाची विसावी आवृत्ती निघते आहे, तिच्यात घालायला मी शॉटमागून शॉट टिपलेल्या शूटिंगच्या नोंदवह्या हव्यात, असं लिहिलंस.

आपला तो किल्ल्याचा सिनेमा आता कोणी फारसं बघत नाही, पण तो कसा बनला हे सांगणारं तुझं पुस्तक अठ्ठावीस वर्षं खपतं आहे. लोकांना पडद्यावरच्या राजापेक्षा त्याची मिशी चिकटवणारा जवळचा वाटतो. मीही चार वेळा वाचलं. घोड्याने नायकाची गवती टोपी खाल्ली, ते प्रकरण वाचून अजून हसू येतं. तू लिहितोस झकास. म्हणून तर पान एकशे बारा सगळ्यांना खरं वाटलं.

'दिवेवाला गोइची लपवलेली साकेची बाटली आणायला जळत्या वेशीत शिरला.' माझा नवरा! दारू सोडाच, साकेच्या गाळात मुरवलेलं लोणचं खाल्लं तरी त्याच्या अंगावर गांध्या उठायच्या, आणि हे तुला ठाऊक होतं.

बाप गेला तेव्हा आमचा ताकुओ चार वर्षांचा होता. सतराव्या वर्षी त्याने वाचनालयातून तुझं पुस्तक आणलं. वाचून झाल्यावर देव्हाऱ्यातला बापाचा फोटो उचलून माझ्या हातात दिला. "दारूपायी मेला, त्याला उदबत्ती कशाला, आई?" मी गप्प बसले. आज तो पस्तिशीचा आहे आणि बापाच्या श्राद्धाला फिरकत नाही.

मी गप्प का बसले, ते तुला माहीत आहे. म्हणूनच निर्धास्तपणे माझ्याकडेच वह्या मागितल्यास. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तुझ्या मनात तेवढंही नाही.

वहीत काय आहे ते सांगते. किल्ल्याच्या वेशीचा सेट एकदाच पेटवायचा होता, दुसरी संधी नव्हती. सगळे बाहेर आले. तू सहायक दिग्दर्शक, आग लावायच्या इशाऱ्याचं निशाण तुझ्या हातात होतं, शेजारी मी घड्याळ घेऊन उभी. आदल्या दिवशीच्या शॉटमध्ये कंदील दाराच्या डावीकडे होता, आता उजवीकडे लटकत होता. ते मला दिसलं, मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "गोइचीदादा, तुम्ही जवळ आहात, तेवढा कंदील डावीकडे लावा ना." तो आत गेला. एवढ्यात दिग्दर्शक ओरडले की ऊन चाललं. तू निशाण खाली केलंस. माणसं मोजणं तुझं काम होतं, तू मोजली नाहीस. मी घड्याळाकडे बघत होते, वेशीकडे नाही.

अकराव्या सेकंदाला तो ओरडला. तेही मी लिहिलं. हाताला सवय होती.

वह्या तुला पाठवलेल्या नाहीत. थेट तुझ्या संपादिकेला पाठवल्या. पोरगीने वाचून फोन केला. म्हणाली, वाचकांना हवं असतं ते हेच. वहीतलं ते पान माझ्या अक्षरात, पान एकशे बाराच्या समोर छापायचं ठरलं आहे. तू आडवा आलास तर ती माझं वेगळं पुस्तक काढणार आहे. तेव्हा निवड तूच कर. माझी इच्छा विचारशील तर ते तुझ्याच पुस्तकात यावं, आणि पुस्तक दुप्पट खपावं. घरोघरी लोकांनी तुझं पान वाचावं, मग माझं.

ताकुओला त्या पानाची प्रत आधीच पाठवली होती. काल त्याचा फोन आला. कंदील कोणाला दिसला, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मला. मग म्हणाला, "बाबांचा फोटो कुठे ठेवलायस?"

माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी वाट बघेन. तूही आता बघ.

कंदील डावीकडे हवा म्हणणारी,
हात्सुए