न टिकलेल्या टॅबमधली हळदीची गाणी

मी, दिनानाथ हरिश्चंद्र चुरी, वय ६३, राहणार केळवे, बोईसरला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. संगणकाच्या भविष्याबद्दल मी आजवर जे बोललो, त्यावरून कोणी दाखल्यावर शंका घेऊ नये.

१) घर आणि नारळ-सुपारीची वाडी माझी मुलगी मेघाली हिला. वाडी कै. आनंदीने, म्हणजे माझ्या बायकोने राखली. मी तिथे फक्त नेटवर्क शोधत फिरलो, सबब वाडीबद्दल सूचना नाहीत.

२) दुकान आणि हत्यारं चिरागला. तो माझ्याकडे शिकला आणि समोरच दुकान थाटून बसला. टॅब आले की लॅपटॉप पाच वर्षांत भंगारात जाईल, असं मी गिऱ्हाइकांना सांगत होतो. हा चारचौघांत म्हणाला, "सर, दोन्ही राहतील." दोन्ही राहिले. त्याबद्दल मी नऊ वर्षं त्याच्याशी बोललो नाही.

३) माझा जुना टॅब मेघालीला. त्यात आनंदीने गायलेली हळदीची एकवीस गाणी आहेत. ती क्रमाने म्हणणारं गावात आता कोणी नाही. टॅबच्या कंपनीने गाशा गुंडाळला, गाणी दुसऱ्या कुठल्याच सिस्टीममध्ये उघडत नाहीत आणि बॅटरी फुगली आहे. वैशाखात मेघालीची हळद आहे. आईचा आवाज तिला मिळाला नाही, तर दोष फक्त माझा.

४) जादा कलम. माझा प्रिंटर माझं ऐकत नाही, म्हणून मेघालीने हे टाइप करून छापायला चिरागलाच बोलावलं. कलम ३ पाशी तो थांबला.

"सर, टॅबमधून आवाज येतो ना?"

"येतो."

"मग अडचण काय हाय?"

त्याने शेजारी आपला मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गाणी लावली. तीन वर्षं मी केबली बदलत होतो. हे मला सुचलं नाही, याची नोंद असावी.

सातव्या गाण्यात मध्येच माझा आवाज आला. पुढे कोणती सिस्टीम जिंकणार, हे मी समजावत होतो. मग आनंदी म्हणाली, "तुमी गप बसा वो जरा. मला गाऊ द्या."

मेघाली रडली. मीही रडलो. हळदीला गाणी लावताना माझं भाषण कापावं. तिचं वाक्य कापू नये.

सही: दि. ह. चुरी
साक्षीदार: दीपा राऊत (शेजारीण), विपुल सावे, वाणगाव
केळवे, १२ मार्च २०२५