राजदीपची पांढरी भुकटी

केळापूर, ४ मे २००६

चि. ममतास नलूआत्याचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

तुझ्यासाठी स्थळ पाहिलं आहे. कळंबचा राजदीप, खत कंपनीचा माणूस. रंग सावळा, बोलणं गोड. आमच्या बचतगटाला एक पांढरी भुकटी देतो आहे. म्हणतो की मावशी, हे निंबाच्या पाल्याचं सेंद्रिय खत हाय, दुसरं काही टाकाची गरजच नाही. गेल्या साली आमची पऱ्हाटी, सगळा कापूस, हातची गेली. यंदा फसलो तर माझ्या शब्दावर बाया पुन्हा उभ्या राहणार नाहीत, म्हणून भीती वाटते. तू कॉलेजात रसायन शिकतेस, तेव्हा भुकटीही तपास आणि पोरगाही.

उत्तराची वाट पाहते. माया आहेच.
तुझी आत्या

यवतमाळ, ९ मे

ती. आत्यास ममताचा सप्रेम जयभीम.

पोरगा राहू दे, आधी भुकटी. सेंद्रिय पदार्थात कार्बन असतो आणि त्याला बहुधा हायड्रोजन जोडलेला असतो. म्हणून साखर तापवली की कोळसा होतो, मीठ पांढरंच राहतं. चुनखडीतही कार्बन असतो, पण हायड्रोजन नसतो, म्हणून ती असेंद्रियच. चिमूटभर भुकटी अंगणात चांगली तापव. पाल्याची असेल तर काळी पडेल. धूर नाकात घेऊ नकोस.

रागावतेस तेवढीच माया ठेव.
ममता

केळापूर, १५ मे

चि. ममतास आशीर्वाद.

काळी झाली गं! धिरड्यांच्या तव्यावर तापवली, चांगला मुरलेला तवा आहे. राजदीप खरा निघाला. येत्या सोमवारी आम्ही पोती उचलतो. त्याच्या घरच्यांना तुमच्याकडे पोहे खायला कधी पाठवू?

तुझी आनंदलेली आत्या

यवतमाळ, १८ मे

ती. आत्यास जयभीम.

अगं, त्या तव्यात किती वर्षांचं तेल मुरलंय! तेल सेंद्रियच, तेच जळालं. घासलेला स्टीलचा चमचा सांडशीत धरून पुन्हा कर. पोती थांबव, पोहेसुद्धा.

घाईत, तुझीच ममता

केळापूर, २५ मे

चि. ममतास आशीर्वाद.

सगळ्या बायांसमोर राजदीपलाच सांडशी धरायला लावली. भुकटी पांढरीच्या पांढरी. बिचारा घामाघूम झाला. म्हणाला की मावशी, मले खरंच माहीत नव्हतं, आमच्या बाबाच्या वावरातबी हेच टाकून राह्यलो होतो. आणलेली पोती परत नेली. आता ज्यांना आधी विकली, त्यांच्या अंगणात जाऊन चमचा तापवून दाखवतो आहे. कंपनीनं काढून टाकलं. बिननोकरीचं स्थळ तुझ्या गळ्यात मारणार नाही, विषय संपला. वाईट मात्र फार वाटलं.

तुझी आत्या

यवतमाळ, २९ मे

ती. आत्यास जयभीम.

विषय संपवू नकोस. त्याला रविवारी घरी पाठव. आईनं विचारलं की मुलगा करतो काय. मी सांगितलं, सध्या गावोगाव फिरून आपलीच चूक लोकांना दाखवतो.

आई मग पोहे निवडायला बसली.

तुझी लाडकी,
ममता