आपापलं ताट आणा

३ ऑगस्ट, रविवार
दादा जाऊन वर्ष होत आलं. रडत बसणाऱ्यांतला मी नाही. लॉज आता माझ्या एकट्याच्या खांद्यावर. वहिनी म्हणते, "वर्ष होऊ दे, मग ठरवते. बहीण बोलावतेय." ठरवायचं काय त्यात? आजपासून लॉज पर्यावरणपूरक. खोल्यांत प्लास्टिकच्या बाटल्या बंद, गच्चीवर सोलर, मागच्या अंगणात खत. हे उभं राहिलं की वहिनी बहिणीचं नावही काढणार नाही.

६ ऑगस्ट, दुपार
पाहुणे सगळे बाहेर. जिन्यावर पावलं वाजली. एक नीट, एक ओढत. गुडघ्यामुळे दादा तसाच चालायचा. जाऊन पाहिलं, कोणी नाही. सोलरच्या नव्या पाइपात हवा अडकली असणार. प्लंबरला फोन.

८ ऑगस्ट
प्लंबर आला. म्हणाला, "साहेब, पाइप अजून जोडलेत कुठे?" थिअरी कच्ची आहे या माणसाची. दुसरा बघायचा.

१३ ऑगस्ट
खताच्या डब्याला वास. वरच्या खोलीतल्या बाई समोरच्या हॉटेलात गेल्या. नव्या कामात असं व्हायचंच. जाताना वहिनीला विचारत होत्या, ते वयस्कर गृहस्थ दिसत नाहीत ते? मागच्या खेपेला त्यांनीच बॅग वर नेऊन दिली होती, नको नको म्हणत असताना. वहिनी काय म्हणाली ते ऐकलं नाही. मी गच्चीवर गेलो. टाकी बघायला.

२१ ऑगस्ट
बरेच दिवस पावलं नाहीत. पाइप सुधारले म्हणायचे. (जोडणी बाकी.) खात्री करायला दुपारभर जिन्यापाशी खुर्ची टाकून बसलो. काही नाही. चहा गार झाला. दोन कप नेले होते. सवय.

२९ ऑगस्ट
मोठी कल्पना. गल्लीचं एकत्र जेवण. १४ सप्टेंबर, रविवार, दुपारी, लॉजच्या अंगणात. कागदी प्लेट नाही, आपापलं ताट आणायचं. उरेल ते वाटून घ्यायचं. पत्रक न छापता घरोघर जाऊन सांगितलं. प्रतिसाद थक्क करणारा. न्हावी म्हणाला, "म्हणजे काय, त्या दिवशी यायलाच हवं." बेकरीवाल्या काकूंनी माझा हात धरला तो कितीतरी वेळ सोडलाच नाही. डोळ्यांत पाणी. ओल्या कचऱ्याबद्दल इतकी कळकळ मी कुणात पाहिलेली नाही.

वहिनीने विचारलं, "भाऊजी, तारीख तुम्हीच निवडलीत?" म्हटलं, हो, तीच सोयीची वाटली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंत."

तिचं मन वळतंय.

१३ सप्टेंबर
भाषण तयार. आरशासमोर दोनदा म्हटलं. वहिनी मात्र सकाळपासून दादाचे शर्ट इस्त्री करत होती. जुने कपडे पुन्हा वापरात आणणं हे आपल्या धोरणात बसतंच.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ
सगळी गल्ली आली. ताटं घेऊन.

जेवणाआधी न्हावी उठला. म्हणाला, दादा दाढीला यायचा आणि खुर्चीतच झोपायचा. गिऱ्हाईक खोळंबलं तरी हा त्याला उठवायचा नाही. शिंपी बोलला. मग बेकरीवाल्या काकू म्हणाल्या, "आज वर्ष झालं, अजून सकाळी त्यांच्या वाटणीचा पाव बाजूला काढते मी."

तेव्हा मला तारीख कळली.

मग सगळे माझ्याकडे वळले. धाकटा भाऊ. खिशात एकच भाषण होतं. तेच वाचलं. ओला कचरा, सुका कचरा, गांडुळं. मध्येच थांबताही येईना. गांडुळांपाशी आवाज चिरकला, पुढचं दिसेना. लोकांना वाटलं दादासाठी. तसा गांडुळांवरही माझा जीव आहेच.

वहिनीने माझ्या ताटात वाढलं. म्हणाली, "बसा आता, भाऊजी. जेवा."

१६ सप्टेंबर
वहिनी सकाळच्या गाडीने बहिणीकडे गेली. चार दिवसांत येते म्हणाली. बॅगा तीन. तिकडे थंडी असेल. मीच खाली आणून दिल्या. दारात थांबून विचारलं तिने, "तारीख आठवत होती ना तुम्हाला?"

"म्हणजे काय, वहिनी."

तिने मान डोलावली.

लॉजमध्ये आज पाहुणा नाही. पुढच्या वर्षी भाषण छोटं ठेवायचं. आधी वहिनीला वाचून दाखवायचं.